उभ्या विटेची भिंत

(पिंपात वीट बुडते. बुडबुड्यांचा आवाज.)

बुडबुडे थांबले की वीट भिजली. कोरडीच लावली तर विटा जोडणाऱ्या मालातलं पाणी ती पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो. विटा भिजवायचं खातं घरातल्या धाकटीकडे आहे. शाळेला सुट्टी आहे तोवर.

पाया आणि जोतं आम्ही कॅमेरा घेऊन पोचायच्या आत झालं होतं. आम्ही आलो तेव्हा दोरी ताणून झाली होती आणि गवंडीमामा वीट हातात धरून, काही न बोलता उभे होते. त्यांना सांगितलं होतं, वीट आडवी ठेवायची नाही. कडेवर उभी करायची.

बाहेरच्या अंगाला एक उभी, आतल्या अंगाला एक उभी, मध्ये तीन इंचांची पोकळी. मग एक वीट, तीही कडेवरच, पण आरपार टाकायची. तिनं दोन्ही अंगं बांधली जातात. पुन्हा दोन, पुन्हा आरपार एक. भिंत नऊ इंचांचीच होते, फक्त पोटात हवा. वरून कॅमेरा धरला की खणच खण दिसतात, उंदराच्या पिंजऱ्यासारखे. इंग्रजी नावही त्यावरूनच पडलंय: रॅट ट्रॅप बाँड.

पोकळीचा पहिला थर दोनदा उतरवला. माल कडेवर ठरेना, सगळा पोकळीत जाई. दुपारपर्यंत मामांनीच तोड काढली. पोकळीच्या रुंदीची फळी मध्ये धरायची, दोन्ही कडांवर माल पसरायचा, फळी अलगद उचलायची.

(फळी, थापी, ओळंबा. निवेदन नाही.)

भरीव भिंतीला १०० विटा लागत असतील तर इथे ७५च्या आसपास. माल त्याहून जास्त वाचतो. पोकळीतल्या हवेमुळे उन्हाची धग आत यायला वेळ लागतो. विजेच्या नळ्याही त्याच पोकळीतून सोडल्या. बांधलेली भिंत पुन्हा छिन्नीनं फोडायची नाही. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा आणि दारा-खिडक्यांवरच्या लिंटेलखालचा मात्र भरीव. कोपऱ्यांच्या पोकळीत सळई उभी करून काँक्रीट भरलंय. तिथे काटकसर केलेली नाही.

पद्धत मूळची इंग्लंडची. आपल्याकडे ती रुजवली वास्तुकार लॉरी बेकर यांनी. जन्म बर्मिंगहॅमचा, १९१७चा. आयुष्याचा मोठा भाग केरळात गेला. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेच्या इमारती त्यांच्याच, उघड्या विटांच्या. गिलावा म्हणजे पैसे खर्चून वीट झाकणं, असं त्यांच्या भिंती बघताना वाटत राहतं. आपल्याकडे गिलावा नसलेलं घर ‘अजून व्हायचंय’ म्हणतात. या घरालाही येणारा-जाणारा तेच विचारतो.

आता स्लॅब.

सेंटरिंगवर सळयांची जाळी, आणि जाळीच्या प्रत्येक चौकोनात कौलं. एकावर एक दोन, मध्ये थोडी हवा. मजुरांना वाटलं, कुणीतरी इथे कौलं विसरून गेलं. स्लॅबवर वजन आलं की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब सोसायला काँक्रीट पक्कं. ताण मात्र त्याला फारसा सोसत नाही, दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. खालचा ताण घेतात त्या सळया. मग तिथल्या काँक्रीटचा बराचसा भाग नुसताच वजन वाढवतो. त्या जागी कौल बसवलं तर सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो. भिंतीलगतच्या कडेला मात्र कौल नाही, तिथे काँक्रीटच. सळया किती आणि कुठे, हे इंजिनिअरनं काढून दिलंय. ते अंदाजानं करायचं काम नाही.

कौलं विकत आणलेली नाहीत. शेजारचं जुनं घर उतरवलं, त्याचीच. गांधीजींनी बेकरना सांगितलं होतं म्हणतात, की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. ही कौलं वीस पावलं चालून आली. आदल्या दिवशी आजींनी ती एकेक घासून धुतली, चांगली वेगळी, तडकलेली वेगळी.

(पाटी हातोहात वर चढते. संध्याकाळ. ओल्या स्लॅबवर मातीचे बांध, त्यात साठवलेलं पाणी.)

पाणी रोज मारलं. पुढचे दोन आठवडे आम्ही नव्हतो.

घर झालं, माणसं राहायला आली. पहिल्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली, विटांमधल्या दरजा पुन्हा भरल्यावर थांबली. कर्जाचे हप्ते चालू आहेत.

(आतली खोली. कॅमेरा छताकडे.)

सेंटरिंग काढल्यावर कौलांची नक्षी खालून उघडी पडली. तिला रंग लावलेला नाही. आजींना त्यातलं एक कौल ओळखू आलं. घासूनही काजळी गेली नव्हती.

“हे चुलीवरचं.”