टोटेम पोल: अ‍ॅरिझोनाच्या अंगणातला बिनकाट्यांचा निवडुंग

श्रोतेहो, फिनिक्स आणि टूसॉन परिसरातल्या खडी पसरलेल्या अंगणांत एक फिकट हिरवा, गुळगुळीत खांब हटकून दिसतो. त्याला नावापुरतेही काटे नाहीत, निवडुंगाला शोभणारे सरळ कंगोरे नाहीत; वितळून थिजलेल्या मेणबत्तीवर असावेत तसे उंचवटे तेवढे आहेत. नर्सरीवाले त्याला टोटेम पोल म्हणतात. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात आढळलेला, सेनिता नावाच्या निवडुंगाचा हा बिघडलेला वाण आहे.

मूळ सेनिता अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण सीमेवर, ऑर्गन पाइप कॅक्टस राष्ट्रीय स्मारकात पाहता येतो. त्याचा एक पतंग ठरलेला आहे: मादी रात्री एका फुलातले पराग गोळा करून दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर लावते, तिथेच अंडे घालते आणि अळी त्या फळावर पोसली जाते. टोटेम पोलला मात्र फुले क्वचितच येतात. त्यामुळे बी पेरून तो वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही. आपण विकत घेतो तो जुन्या खोडाचा तुकडाच असतो, आणि म्हणूनच लागवडीतले खरे कसब त्या तुकड्याची जखम सांभाळण्यात आहे.

तुकडा उन्हाळ्याच्या तोंडाशी, स्वच्छ सुरीने कापावा आणि कापलेली बाजू टणक होईपर्यंत दोन-तीन आठवडे सावलीत, हवेशीर जागी नुसता ठेवावा. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. ओली जखम मातीत गेली की बुडापासून कूज चढते आणि वरून खोड बरेच दिवस ठणठणीत दिसत राहते. लावल्यानंतरही लगेच पाणी देऊ नये.

या भागातल्या जमिनीखाली अनेक ठिकाणी चुनखडीचा दगडासारखा थर लागतो. खड्डा पाण्याने भरून पाहावा; दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर तो थर फोडावा किंवा जाड वाळू व खडीचा उंचवटा करून त्यावर लागवड करावी. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीत आणि चार महिन्यांच्या पावसात हे झाड लावू पाहणाऱ्यांना तर उंचवट्याशिवाय किंवा छपराखालच्या कुंडीशिवाय गत्यंतर नाही.

रुजलेल्या झाडाला उन्हाळ्यात माती पूर्ण सुकू देऊन मगच भरपूर पाणी द्यावे, हिवाळ्यात जवळजवळ बंदच करावे. त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही. पाणी गोठवणाऱ्या रात्री वाढते शेंडे आधी करपतात. म्हणून इथले लोक प्रत्येक शेंड्यावर थर्माकोलचा पेला उपडा घालतात. दिसायला विचित्र, पण उपाय रास्त आहे, कारण करपलेला शेंडा पुन्हा वाढत नाही आणि त्याचा डाग कायमचा राहतो.

मोठे झाड हलवताना दक्षिणेकडच्या बाजूवर खडूने खूण करावी आणि नव्या जागीही तीच बाजू दक्षिणेला ठेवावी. उत्तरेच्या सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात आली की पिवळी पडून भाजते.