डिंक नंतर, आधी वाटीभर पाणी

नमस्कार मंडळी. मृग तोंडावर आलाय, म्हणजे घरोघरी एकच गडबड, पन्हळी बघा, टाकी बघा, माळ्यावरची फुटकी-तुटकी भांडी खाली काढा. त्यावरनं सुचलं म्हणून आज प्लास्टिक चिकटवण्याबद्दल बोलूया.

मागच्या वर्षी आमच्या टपाला वीतभर चीर गेली. मासे धुवायचा निळा टप हो, सगळ्यांकडे असतो तोच. मी दुकानातनं झटपट चिकटणाऱ्या दोन ट्यूबा आणल्या, लावलं, दाबून धरलं, बोटं मस्त चिकटली, टप काही चिकटला नाही. शेजारचे आबा, उभा जन्म जाळी विणण्यात गेलेला, गडग्यावरनं बघत होते. म्हणाले, "झिला, ता चिकटाचा नाय. टाको घाल."

आणि आबांचंच बरोबर होतं. बादल्या, टप, माशांचे क्रेट, काळ्या टाक्या हे सगळं बहुतेक पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलिनचं असतं, आणि त्यावर गोंद म्हणजे अळवावरचं पाणी, पसरतच नाही, मग धरणार कुठून? गोंदाची काही चूक नाही, प्लास्टिक कुठलं ते मीच बघितलं नव्हतं.

ओळखायचं कसं? बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, 2, 4 किंवा 5 असला तर साध्या गोंदाच्या नादी लागू नका. आकडा झिजला असेल तर कडेचा नखाएवढा तुकडा कापा आणि वाटीभर पाण्यात बोटाने खाली दाबून सोडा. वर आला तर हेच चिवट खानदान. पीव्हीसी, एबीएस, अ‍ॅक्रिलिक बुडतात. फक्त स्वस्तातल्या खुर्च्यांत कधीकधी खडूसारखी भुकटी मिसळलेली असते, त्या पॉलिप्रॉपिलिनच्या असून पण बुडतात, तेवढं लक्षात ठेवा.

तर आबांनी काय केलं, चिरेच्या दोन्ही टोकांना तापल्या सुईने एकेक भोक पाडलं म्हणजे चीर पुढे पळत नाही, मग दोन्ही बाजूंनी बोटभर अंतरावर भोकं पाडत गेले आणि जाळ्याच्या नायलॉन दोरीने टप शिवून टाकला. पाणी थोडं झिरपतं, त्यामुळे आता आम्ही त्यात सोललेले नारळ ठेवतो. टाकी मात्र शिवून भागत नाही, त्याला गरम हवेच्या गनवाला माणूस बोलवा, तो त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून सांधा भरतो.

आता जे बुडालं त्याचं. रिमोट, रेडिओची बॉडी बहुतेक एबीएसची असते, तिथे फेविक्विकसारखा गोंद झकास बसतो, पण एकच थेंब हां, जास्त ओतलं की सुकायलाच मागत नाही. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने आवळतो आणि आपल्याकडे ओलावा तर फुकटचा, म्हणून पटकन धरतो, पण बाजूला पांढुरकी भुकटी पण बसते, तेव्हा चष्म्याच्या काचेजवळ नको. आणि सांडलं तर सुती फडक्याने पुसू नका, कापसाला लागला की तो एवढा तापतो की हात भाजेल. तुकडा उडून गेलेला असेल, फट भरायची असेल तर दोन ट्यूबांचा इपॉक्सी घ्या, दोन्ही सारख्या मापात घेऊन मिसळा, आधी पॉलिशपेपर मारा. पाच मिनिटांत धरणारा असला तरी भार दुसऱ्या दिवशीच द्या.

थर्माकोलचं वेगळंच. 2018 ची बंदी यायच्या आधी आम्ही मखरं करायचो, एका वर्षी चपलेचा पिवळा गोंद लावला आणि खांबाला डोळ्यादेखत खड्डे पडले. माशांच्या पेटीचा कोपरा उडालाय? साधा पांढरा फेव्हिकॉल, बाकी काही नको.

राहिला पीव्हीसी पाइप. त्याचं सोल्युशन म्हणजे गोंद नव्हेच, ते पाइपाचा वरचा थर विरघळवून दोन्ही एकजीव करतं. म्हणून पाइप कोरडा पाहिजे, दोन्हीकडे लावायचं, आत ढकलताना थोडा पिळायचा आणि अर्धा मिनिट सोडायचा नाही, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. गरम पाण्याचा सीपीव्हीसी असेल तर सोल्युशन वेगळं मागा. आणि लगेच नळ सोडून बघायची खाज आवरा, रात्री जोडा, सकाळी पंप लावा.