कुमशेतचा ओढा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरला, गवत पिवळं पडायला लागलं, की आमच्याकडे डोंगरात जाणाऱ्यांची विचारपूस सुरू होते. सॅक पाठीवर टाकून दोन-तीन मुक्काम करायचे असतात. दर वर्षी कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, वाट तर मोबाईलमध्ये उतरवून घेता येते. मग गावातला वाटाड्या कशाला हवा?"

हा प्रश्न मला रतनगड ते हरिश्चंद्रगड या वाटेवर नेहमी आठवतो. अकोले तालुक्यातली, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाणारी ही वाट. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळापासून चढायला लागायचं, रात्री रतनगडावरच्या गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी गड उतरताना एक फाटा लागतो, तिथून कात्राबाईच्या खिंडीकडे वळायचं. खिंड ओलांडून मुळा नदीच्या खोऱ्यात उतरलं की कुमशेत. तिथून पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. बोटाने नकाशावर दाखवायला अगदी सोपं.

पण सह्याद्री घडलाय कसा, ते बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून पदर, म्हणजे दोन कड्यांमधला सपाटसा पट्टा झाला, त्या पदरात रान माजलं. म्हणजे हा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे आणि प्रत्येक पायरी शे-दोनशे फुटांची. उतरायला जागा असते ती एखाद्या नाळेत म्हणजे अरुंद घळीत, एखाद्या खिंडीत, नाहीतर कातळाला पडलेल्या लहानशा खाचेत. वरून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. दिसतात त्या ढोरवाटा. गुरं चरत गेलेल्या या वाटा पायवाटेसारख्याच मळलेल्या असतात, त्यांच्या मागे निघालात तर अर्ध्या तासाने करवंदीच्या जाळीत नाहीतर कड्याच्या टोकावर येऊन उभे राहता. पावसाळ्यानंतर गवत आणि कारवी इतकी वाढते की मागच्या उन्हाळ्यात स्वतः चाललेली वाट स्वतःलाच सापडत नाही. मोबाईलवर निळा ठिपका वाटेच्या अगदी जवळ असतो, फक्त मध्ये कडा असतो.

तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवरची माणसं ही वाट हिरडा गोळा करताना, गुरांमागे फिरताना, बाजाराला जाताना शिकलेली आहेत. हे ज्ञान तीन दिवसांसाठी आपल्याला उसनं मिळतं, त्याचे पैसे द्यायला कुरकुर करू नये असं मला मनापासून वाटतं.

वाटाड्या वाट दाखवतो हे तर झालंच. त्याहून मोठं काम त्याने एकदा माझ्यासमोर केलं, ते मला आज सांगायचंय.

ऑक्टोबर होता, परतीच्या पावसाचे दिवस. आम्ही चौदा जण होतो आणि म्होरकी मी होते. सोबत वाटाड्या म्हणून एक मामा होते, साठीच्या आसपासचे. खिंड उतरून कुमशेतला पोचायला उशीर झाला. जेवणं उरकून दोन वाजता पाचनईकडे निघालो. मुक्काम पाचनईला ठरला होता, दुसऱ्या दिवशी गड, रात्री परतीची गाडी, सोमवारी सगळ्यांची ऑफिसं. हे सगळं माझ्या वहीत तासातासाने लिहिलेलं होतं.

वाटेत एक ओढा लागला. पाणी जेमतेम घोट्याइतकं. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. पुढची दोन मुलं बूट काढायला बसली, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांबा. पान्यात पाय घालू नका."

मी विचारलं, "काय झालं मामा?"

त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. मगाशी तळाचे गोटे दिसत होते, ते आता दिसेनात. पाणी चहासारखं झालं होतं आणि त्यावर पालापाचोळा, काटक्या वाहत येत होत्या. "वर पाऊस लागलाय," ते म्हणाले. वर म्हणजे आम्हाला न दिसणाऱ्या डोंगराच्या माथ्यावर.

गटात चुळबुळ सुरू झाली. एक जण म्हणाला, आत्ता दोन मिनिटांत पार होऊ. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. वहीतला मुक्काम मला समोरच्या पाण्यापेक्षा खरा वाटत होता. मामा काही वाद घालत बसले नाहीत. ओढ्याच्या काठापासून वर चढून एका खडकावर बसले आणि म्हणाले, "ताई, मी नाय येनार. तुमी बी जाऊ नका."

आम्ही बसलो. पाऊण तासात पाणी कमरेच्या वर आलं आणि त्याच्यातून गोटे गडगडत चालल्याचा आवाज यायला लागला. त्या आवाजानंतर कोणी काही बोललं नाही. आलो त्या वाटेने कुमशेतला परतलो.

म्हणून श्रोतेहो, कोणत्याही गटाबरोबर नाव नोंदवण्याआधी फोन करून विचाराच. स्थानिक वाटाड्या कोण आहे आणि त्याला किती पैसे देता? दहा-बारा माणसांमागे एक अनुभवी माणूस आहे का? प्रथमोपचार कोणाला येतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या वेळी ट्रेक अर्धवट सोडून कधी परतलात? या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तरच नाही, त्यांच्याबरोबर मी माझ्या घरातलं माणूस पाठवणार नाही. साहसी पर्यटनासाठी राज्य शासनाचं 2021 पासूनचं धोरण आहे, नोंदणीची सोय आहे, तीही विचारून घ्या. पण नोंदणीचा कागद ओढ्याच्या काठावर तुम्हाला थांबवायला येत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

तुमच्या बाजूनेही थोडं करा. हाताशी एक जादा दिवस ठेवा. सॅक हलकी भरा, पण तीन लिटर पाणी घ्याच, ते तीन किलोचं ओझं कमी करायचं नाही. आणि सुगंधी अत्तरं घरी ठेवा, कड्यांवर आग्या मोहोळं असतात, वासाने माश्या चवताळतात.

त्या रात्री कुमशेतच्या एका घरात आम्हा चौदा जणांना जागा मिळाली. घरच्या मावशींनी चुलीवर नागलीच्या भाकरी थापल्या, सोबत मिरचीचा ठेचा. ऑफिसला काय सांगायचं याची बोलणी थोडा वेळ झाली, मग तीही थांबली. अंधारात ओढ्याचा आवाज पहाटेपर्यंत येत होता.

सकाळी आम्ही पुन्हा काठावर गेलो. गोटे दिसत होते. मामांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, निरखून पाहिलं, पिऊन टाकलं, आणि म्हणाले, "चला."