अर्जदार क्रमांक दोन

सकाळचे अकरा. कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकारा सुरू झालाय. बाकावर बसलेल्या बाईच्या मांडीवर एक फाईल आहे. तिचं पहिलं पान जरा जवळून बघू.

अर्जदार क्रमांक एक, आई. त्याखाली अर्जदार क्रमांक दोन: वय वर्षे 7, धंदा शिक्षण, अज्ञान, तर्फे अ.पा.क. आई.

कोर्टाच्या मराठीत दुसरीतलं पोरही धंदा करतं. पण खरी गंमत त्या ‘अ.पा.क.’मध्ये आहे. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाची पालनकर्ती. म्हणजे सही आईची, पोटगीची मागणी मुलाची. आई इथे त्याच्या वतीनं उभी आहे.

हे ध्यानात आलं की बरेच घोळ सुटतात. परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘मला काही नको, फक्त मोकळं करा’ असं म्हणून बाई सही करते. ते झालं तिच्यापुरतं. मुलाचा हक्क मात्र तिच्या सहीनं बुडत नाही, त्याच्यासाठी नंतरही अर्ज करता येतो. तसंच ‘मुलाला भेटू देत नाही, मग पैसे कशाला देऊ’ हेही चालत नाही. भेटीचा अर्ज वेगळा, पोटगीचा वेगळा.

वाटा अनेक आहेत. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 आहे. त्याखाली निकालानंतरही मुलांसाठी आदेश मागता येतो. धर्म कुठलाही असो, फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम 125 आहेच. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं. कुठली वाट धरायची, ते वकिलाला ठरवू द्या.

आता वकील कुठून आणायचा? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्री आणि मूल, दोघांनाही मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगारदार बाईसुद्धा अर्ज करू शकते, हे पुष्कळ पगारदार बायकांनाच माहीत नसतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन करायचा तर 15100.

फाईलमधला सगळ्यात जाड गठ्ठा आहे प्रतिज्ञापत्राचा. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात नमुना ठरवून दिला आणि पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च शपथेवर लिहून देणं भाग पडलं. त्यात मुलांच्या खर्चाचाही भाग आहे. बाई तिथेच अडलीय. शाळेची फी तिला तोंडपाठ आहे. पण रिक्षा? चष्मा? दर पावसाळ्यातला दमा? ती पेननं ‘इतर’ लिहायला जाते आणि शेजारी बसलेली वकील तिचा हात धरते. ‘ताई, इतर नका लिहू. चष्मा लिहा. पावती आहे ना?’

आमच्या मते निम्मा दावा याच पानावर ठरतो. ‘इतर’वर युक्तिवाद होत नाही, पावतीवर होतो.

त्याच नमुन्यात समोरच्याच्या कमाईबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे, तेही लिहायला जागा आहे. धंदेवाईक नवरा कागदावर बहुधा गरीबच असतो. पण गाडीचा हप्ता कुठल्या खात्यातून जातो, विमा कुणाच्या नावावर आहे, हे बायकोला माहीत असतं. ते लिहायचं.

याच निकालानं आणखी एक गोष्ट पक्की केली: पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून सगळे कागद जमेपर्यंत अर्ज अडवून ठेवू नये.

अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदा सांगतो. त्याच्या आधी ‘शक्यतो’ हा शब्द आहे आणि सगळ्या तारखा त्या शब्दात मावतात. त्यातही 60 दिवस मोजायचे बजावणीपासून, आणि समन्स ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’ असा शेरा घेऊन परत येतं. घराबरोबर नोकरीच्या ठिकाणचाही पत्ता द्यावा, तो याचसाठी.

आदेश झाला, पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज. कलम 144 खाली थकलेल्या रकमेसाठी वॉरंट निघतं, तुरुंगवासही होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आल्यानं थकबाकी फिटत नाही. मात्र हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत वाट पाहणाऱ्यांचे जुने महिने इथेच हातचे जातात.

शिवाय मूल वाढतं, आदेशातली रक्कम वाढत नाही. परिस्थिती बदलली की ती वाढवून मागायला त्याच संहितेचं कलम 146 आहे. मग पुन्हा हाच बाक, नवी फाईल, पहिलं पान.

अर्जदार क्रमांक दोन. वय वर्षे 14, धंदा शिक्षण.