वर्मवुडमध्ये किडा नाही, क्रिमझनमध्ये आहे!

नमस्कार मंडळी!

(दवण्याची काडी कॅमेऱ्याजवळ धरून)

ओळखलंत? दवणा. राखाडी-हिरवी, बारीक कातरल्यासारखी पानं. नुसतं चुरडलं तरी बोटांचा वास लवकर जात नाही. चैत्रात जोतिबाला वाहतात तो हाच. याचं एक कडूजहर भावंड युरोपात उगवतं. दोघांचंही शास्त्रीय नाव आर्टेमिसियानेच सुरू होतं. त्या भावंडाला इंग्रजीत म्हणतात वर्मवुड.

आता वर्म म्हणजे किडा आणि वुड म्हणजे लाकूड, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग वर्मवुड म्हणजे काय, कीड लागलेलं लाकूड?

अजिबात नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता 'वेर्मोड'. त्यात ना किडा, ना लाकूड. पण पिढ्या गेल्या, आणि वेर्मोड म्हणजे काय हे बोलणाऱ्यांना उमगेना. झाडपाला तर पोटातल्या जंतांवर द्यायचे. मग १४००च्या आसपास लोकांनी त्याला आपल्या ओळखीचे दोन शब्द चिकटवले, आणि झालं वर्मवुड. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इथे शब्द कुणा पंडिताने घडवलेला नाही, औषध उगाळणाऱ्या माणसांनी घडवलाय.

आणि औषधाचं म्हणाल तर आपल्याकडचा किरमाणी ओवा बघा. तोही आर्टेमिसियाच, तोही जंतांवरचाच. आधुनिक गोळ्या येण्याआधी सँटोनिन नावाचं जंतनाशक अशाच आर्टेमिसियांपासून काढायचे.

जुनं रूप मेलं मात्र नाही. जर्मनमध्ये ते 'वेर्मुट' म्हणून राहिलं. ही वनस्पती घालून केलेल्या वाइनला तेच नाव पडलं, ते फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आलं 'व्हर्मूथ' होऊन. म्हणजे वर्मवुड आणि व्हर्मूथ एकच शब्द, एक घरी राहिलेला आणि एक परदेश फिरून आलेला!

आता उलटा प्रकार. काही शब्दांत किडा खराच आहे, पण दिसत नाही. व्हर्मिसेली घ्या. शेवयांच्या पाकिटावर छापलेलं असतं ना, तेच. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'छोटे किडे'. लॅटिनमध्ये किडा म्हणजे व्हर्मिस. हा इंग्रजी वर्मचा सख्खा भाऊ. गांडूळखताला व्हर्मिकंपोस्ट म्हणतात ते त्याच्यामुळेच.

कुंकवाला, शेंदराला इंग्रजी वर्तमानपत्रं व्हर्मिलियन म्हणतात. तो शब्द आला 'व्हर्मिक्युलस'पासून, म्हणजे पुन्हा छोटा किडा. भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकच्या झाडावर एक बारीकसा कीटक चिकटून राहतो. त्याच्या माद्या वाळवून, कुटून लाल रंग काढायचे. रंगाला नाव पडलं ते किड्याचं.

त्याच किड्याला अरबीत म्हणतात किर्मिझ. त्यावरूनच इंग्रजीचा क्रिमझन आला. आणि आपला किरमिजी रंगही! अरबी-फारसीच्या मागे जाऊन पाहिलं तर अभ्यासक संस्कृत 'कृमिज'कडे बोट दाखवतात. कृमिज म्हणजे किड्यापासून झालेला.

एक सावधगिरी हवी. कृमी आणि वर्म कानाला जुळे वाटतात, पण भाषाभ्यासक दोघांची मुळं वेगळी धरतात. क्रिमझनमधला किडा कृमीच्या घरचा. व्हर्मिलियनमधला किडा वर्मच्या घरचा. आणि वर्मवुड दोघांपैकी कुणाच्याच घरचं नाही.