बंदर तर आधीपासून होतंच

ही सकाळची गाडी, कर्जत स्टेशन. वडेवाल्यांची पळापळ चाललीय आणि तिकडे मागे बघा, जादा इंजिनं जोडतायत, बँकर म्हणतात त्यांना. पुढचं ओढणार, मागची ढकलणार, कारण इथून बोरघाट सुरू, दर 37 फुटांना 1 फूट चढ.

मुंबई कशामुळे मोठी झाली विचारलं की सगळे सांगतात बंदरामुळे. अहो पण बंदर तर आधीपासून होतंच की! पोर्तुगीजांकडे होतं, 1661 ला हुंड्यात इंग्रजांकडे गेलं. पण देशावरचा माल तिथं पोचणार कसा, मध्ये हा कातळ उभा. 1830 ला घाटात गाडीरस्ता झाला, त्याआधी बैलगाडीसुद्धा चढत नव्हती, सगळं ओझं बैलाच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. वऱ्हाडचा कापूस तांड्यांबरोबर आठवडेच्या आठवडे चालत यायचा आणि वाटेत पाऊस गाठला की गेला कामातनं.

आता हा बोगदा. रेल्वेसाठी असे 25 खोदले, आणि डायनामाइट तेव्हा निघालंच नव्हतं बरं का, हातानं भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. हा कडा दिसतोय ना, इथं पाय ठेवायला जागा नाही म्हणून माणसं वरनं दोरानं सोडलेली. खंडाळ्याजवळ तर रूळ सरळ न्यायचीच सोय नव्हती, मग गाडी कड्याच्या टोकाशी थांबवायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ. 1859 ला मजुरीवरनं इथं दंगा झाला, ठेकेदार बदलला, नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्याच वारला, मग त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं ठेका पुढे चालवला. कॉलरा, दरडी, सुरुंग यात मजूर गेले ते हजारोंनी.

1863 ला बोरघाटातनं गाडी धावली, 1865 ला कसाऱ्याचा घाट झाला, 1867 ला रूळ नागपूरला. आणि टायमिंग बघा, 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद, विलायतेतल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या इकडे बघायला लागल्या. मुंबईत पैसा नुसता ओतला. समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर काय, बँका काय. 1865 ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं, त्यात शेअरबाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही बुडाले. हा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला, आईच्या नावाचा.

पैसा बुडाला तरी घाट आणि रूळ राहिले, 1869 ला सुएझ कालवा उघडला, विलायत जवळ आली, आणि हे 1875 चं ससून डॉक. कापसासाठी बांधलेलं. आता पहाटे इथं बोंबील, कोळंबी, पाट्या घेऊन बसलेल्या कोळणी. मागनं येतोय तो आवाज बर्फ फोडायच्या मशीनचा.