दोन फरश्या मागे

श्रोतेहो, नमस्कार.

मी बरीच वर्षं एका वाचनालयात काउंटरवर काम केलं. पुस्तक घेणं, पुस्तक देणं, नोंद करणं. या कामात माणसं रोज भेटतात, पण एकेकाशी गाठ पडते ती जेमतेम अर्ध्या मिनिटाची. तेवढ्या अर्ध्या मिनिटात आपण समोरच्याबद्दल काय काय ठरवून मोकळे होतो, त्याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आमच्याकडे एक वाचक यायचे. वय पस्तिशीच्या आसपास. संध्याकाळी पाचला पाच कमी असताना दार उघडायचं आणि ते सरळ काउंटरशी येऊन उभे राहायचे. बाकीचे लोक उभे राहतात त्याहून बरेच जवळ, अगदी काउंटरवर ओणवे होऊन. नमस्कार नाही, हसणं नाही. पुस्तकं ठेवायची आणि माझ्याकडे टक लावून पाहायचं. मध्येच, विनोद वगैरे काही झालेला नसताना, त्यांना एकदम मोठ्यानं हसू यायचं आणि तितक्याच एकदम ते थांबायचं. एरवी अबोल, पण दीपगृहांचा विषय निघाला की मग मागे रांग लागली आहे, याचंही त्यांना भान राहायचं नाही.

माझी एक सहकारी म्हणायची, "याची नजर मला ठीक वाटत नाही गं." दुसरी म्हणायची, "घुम्या माणसाचा काही नेम नसतो." आणि मी मान डोलवायचे.

श्रोतेहो, अशा माणसांसाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही. घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा, तऱ्हेवाईक, विक्षिप्त. यातल्या एकाही शब्दात त्या माणसानं काय केलं, ते येत नाही. तो कसा वाटतो, एवढंच येतं. पण हा शब्द एका तोंडून दुसऱ्या तोंडी गेला की त्याचं वजन वाढत जातं. पहिला म्हणतो, "जरा विचित्रच आहे." दुसरा म्हणतो, "जपून राहा हं त्याच्यापासून." तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर "काहीतरी भानगड आहे म्हणे त्याची" असं झालेलं असतं. मधल्या काळात त्या माणसानं काहीही केलेलं नसतं. तो फक्त रोजच्यासारखा आला आणि गेला.

एखाद्याला पाहून अंगावर काटा का येतो, याचा अभ्यास झालेला आहे. फ्रान्सिस मॅकअँड्र्यू आणि सारा कोनके या दोन संशोधकांनी 1341 लोकांना विचारलं, की कुठल्या गोष्टींमुळे एखादा माणूस तुम्हाला नकोसा, भीतीदायक वाटतो? हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. लोकांनी काय सांगितलं? फार जवळ उभा राहतो. केस तेलकट, विस्कटलेले. हसणं चमत्कारिक, आणि भलत्याच वेळी. बोलणं पुन्हा पुन्हा एकाच विषयावर आणतो. असा माणूस पुरुष असणार, असं तर जवळपास सगळ्यांनीच सांगितलं. ही यादी मी वाचली तेव्हा मला वाटलं, आमच्या त्या वाचकांना समोर बसवून कुणी हे लिहून काढलं आहे की काय. पण या अभ्यासातून निघालेली खरी गोष्ट वेगळी आहे. समोर धोका आहे असं कळल्यामुळे हा काटा येत नाही. धोका आहे की नाही याचा अंदाजच लागत नाही, म्हणून तो येतो. समोरच्याचा चेहरा, हावभाव आपल्याला वाचता येत नाहीत, मन चाचपडतं, आणि त्या चाचपडण्यालाच आपण पुरावा समजून बसतो.

याची किंमत काय असते, ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात दिसलं. डिसेंबर 2010 मध्ये तिथे एका तरुणीचा खून झाला. ती ज्या इमारतीत भाड्यानं राहत होती तिचे मालक क्रिस्टोफर जेफरीज हे निवृत्त शिक्षक होते. एकटे राहणारे, लांब पांढऱ्या केसांचे, जुन्या वळणाचं बोलणारे गृहस्थ. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि पुढचे काही दिवस वर्तमानपत्रांनी त्यांचं काय करायचं ठेवलं नाही. त्यांचे केस, त्यांचे कपडे, त्यांच्या कवितेच्या आवडी, वर्गात ते कसे बोलत, सगळं उकरून काढलं गेलं आणि प्रत्येक गोष्टीत काहीतरी काळंबेरं दाखवलं गेलं. खुनाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. खून केला होता त्याच इमारतीत शेजारी राहणाऱ्या व्हिन्सेंट टबाक यानं. नीटनेटका, इंजिनिअर, जोडीदारासोबत राहणारा. कुणाला तऱ्हेवाईक वाटावं असं त्याच्यात वरवर काही नव्हतं. एवढंच नाही, तर त्यानं पोलिसांना फोन करून जेफरीज यांच्या गाडीबद्दल संशय येईल अशी माहितीही पुरवली होती. लोक कुणाकडे बोट दाखवायला तयार बसले आहेत, हे त्याला नेमकं कळलं होतं.

ऑक्टोबर 2011 मध्ये टबाक दोषी ठरला. त्याआधी, जुलैमध्ये, आठ वर्तमानपत्रांना बदनामीबद्दल जेफरीज यांना भरपाई द्यावी लागली, आणि त्यातल्या दोघांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंडही झाला. पोलिसांनी जाहीर दिलगिरी व्यक्त करायला 2013 साल उजाडलं. पण माझ्या मनात रुतून बसली आहे ती एक लहानशी गोष्ट. सुटून आल्यावर जेफरीज यांनी आपले केस कापले आणि रंगवले. रस्त्यात कुणी ओळखू नये म्हणून. पासष्ट वर्षांच्या, काहीही गुन्हा न केलेल्या माणसाला स्वतःचा चेहरा बदलावासा वाटला.

जेफरीज निदान वाचले. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ऑरोरा शहर आहे. तिथे ऑगस्ट 2019 मध्ये इलायजा मॅक्लेन नावाचा 23 वर्षांचा तरुण दुकानातून घरी चालत निघाला होता. मालिश करण्याचा व्यवसाय करणारा, प्राण्यांच्या निवाऱ्यात जाऊन मांजरांना व्हायोलिन ऐकवणारा मुलगा. त्याला थंडी फार बाधायची, म्हणून तोंडावर लोकरी मुखवटा होता. कानात गाणी चालू होती आणि त्या तालात हात हलत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला, की हा माणूस संशयास्पद दिसतोय. हत्यार दिसत नाही, धोक्यात कुणी नाही, हेही त्या फोनवरच सांगितलं गेलं होतं. तरी पोलीस आले आणि त्यांनी त्याला धरलं. तो सांगत होता, मी अंतर्मुख आहे, माझ्यापासून जरा अंतर ठेवा. पोलिसांनी त्याची मान आवळली. मग रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांनी त्याला केटामाइन या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, त्याच्या वजनाच्या मानानं फार जास्त. काही दिवसांनी तो गेला. पोलिसांच्या कॅमेऱ्यात त्याचं बोलणं राहिलं आहे. श्वास अडकत असताना तो म्हणत होता, "मी फक्त वेगळा आहे. बाकी काही नाही."

इलायजा कृष्णवर्णीय होता, आणि तिथे या गोष्टीचं काय वजन असतं ते सांगायला नको. त्याच्या मृत्यूला केवळ त्याचं वेगळं वागणं जबाबदार होतं, असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी फोन झाला तो त्यानं काही केलं म्हणून झाला नाही, तो जसा दिसत होता त्यावरून झाला. 2023 मध्ये या प्रकरणात एक पोलीस आणि रुग्णवाहिकेतले दोन कर्मचारी दोषी ठरले.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, अहो, पण माणूस ओळखता येतो आम्हाला. नजर चुकवतो म्हणजे खोटं बोलतो, एवढं तर कळतंच की! नजर चुकवणारा खोटारडा, ही समजूत जगभरातल्या लोकांमध्ये आढळते. पण लोकांना खरं-खोटं कितपत ओळखता येतं याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित हिशोब 2006 मध्ये मांडला गेला. बरोबर ओळखण्याचं प्रमाण निघालं शंभरात 54. नाणं उडवलं तर पन्नास येतात. म्हणजे ज्या पारखीचा आपण एवढा भरवसा धरतो, ती नाण्यापेक्षा जेमतेम चार पावलं पुढे.

आणखी एक प्रयोग मला सांगायलाच हवा, कारण तो वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसून होते. 2017 मध्ये नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या बोलण्याच्या अगदी छोट्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. कोण कसा आहे हे न सांगता. पाहणाऱ्यांनी काही सेकंदांतच मत बनवलं. ऑटिझम असलेल्यांच्या शेजारी बसायला, त्यांच्याशी बोलायला लोक कमी राजी होते. नुसता आवाज ऐकवला, तरी तेच. नुसता फोटो दाखवला, तरी तेच. मग तेच बोलणं कागदावर उतरवून वाचायला दिलं, आणि फरक नाहीसा झाला. शब्दांत काही खोट नव्हती. खोट काढली जात होती ती शब्द सांगणाऱ्या अंगात, आवाजात, चेहऱ्यात.

आता मी अवघड भागाकडे येते, कारण तो टाळला तर माझं हे सगळं बोलणं खोटं ठरेल. मी बाई आहे. रिकाम्या जिन्यात मागे पावलं वाजली की छातीत काय होतं, ते मला ठाऊक आहे. "उगाच काय घाबरतेस" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे आणि ते मी कुठल्याही मुलीला ऐकवणार नाही. जिथे जीव घाबरतो तिथून निघून जावं. कुणाशी बोलायचं, कुणाला घरात घ्यायचं, हे ठरवायचा तुमचा हक्क पुरा आहे आणि त्यासाठी कुणाला कारण द्यायची गरज नाही. शिवाय एखाद्याला लोकांत वावरणं जमत नाही म्हणून त्यानं दिलेला त्रास माफ, असंही नाही. त्रास तो त्रासच.

पण मला काळजी वाटते ती वेगळीच. नजर घुम्या माणसावर ठेवली की खरा धोका भलत्याच दारानं आत येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये जगभरात सुमारे 89 हजार बायका-मुलींचे खून झाले. त्यातले निम्म्याहून जास्त, जवळजवळ 48 हजार 800, नवऱ्याच्या, जोडीदाराच्या नाहीतर घरच्याच कुणाच्या तरी हातून झाले. हे लोक त्या बायकांना परके नव्हते. आणि लबाड माणूस बहुधा गोडबोल्या असतो, त्याला आपला विश्वास हवा असतो. कुठे हसायचं, किती जवळ यायचं, कुणाशी किती आदबीनं बोलायचं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याला वागण्याचे नियम धड कळत नाहीत, त्याला ते वापरून कुणाला फसवणं कुठून जमणार?

मग ओळखायचं कसं? मला सापडलेली एकच खूण सांगते. समोरच्याला "नको" म्हणून पाहावं. स्पष्ट शब्दांत, आडून नाही. आणि मग तो काय करतो ते पाहावं.

एकदा मी हे केलं. त्या दिवशी ते वाचक नेहमीसारखे काउंटरवर ओणवे झाले आणि मी म्हटलं, "अहो, तुम्ही इतकं जवळ उभे राहिलात की मला अवघडल्यासारखं होतं. जरा मागे उभे राहाल का?" माझे हात गार पडले होते. त्यांनी खाली पाहिलं. दोन फरश्या मागे सरकले आणि विचारलं, "इतकं पुरे?" मी म्हटलं, पुरे. मग मला धीर आला म्हणून पुढचंही बोलले, की तुम्ही इतकं टक लावून पाहता त्याचंही दडपण येतं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, लहानपणी ते कुणाच्याच डोळ्यांकडे पाहायचे नाहीत. त्यावरून फार बोलणी बसली, कधी मारही बसला. म्हणून त्यांनी सवय लावून घेतली होती. समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. "पाच जास्त होतात का?" त्यांनी मला विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून ते बरोबर त्याच फरशीवर उभे राहू लागले. एक बोटभर पुढे नाही.

असं चार-सहा महिने चाललं. मग काही वाचकांनी मिळून त्यांच्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला. अर्जात त्यांनी काय केलं ते लिहिलेलं नव्हतं; "असुरक्षित वाटते" एवढंच होतं. आमच्या वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही रोज काउंटरवर असता. तुम्हाला कधी त्रास दिलाय का त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही, पण…"

त्या "पण"च्या पुढे मला काही सुचलं नाही. फरशीबद्दल सांगता आलं असतं. पाचपर्यंत मोजण्याबद्दल सांगता आलं असतं. वरिष्ठांनी मान डोलवली, कागद पुढे ओढला, आणि सदस्यत्व बंद झालं.

शेवटची दोन पुस्तकं परत करायला ते आले, पाचला पाच कमी असताना. त्याच फरशीवर उभे राहिले. तिथून त्यांचा हात काउंटरपर्यंत पोचत नव्हता. पुस्तकं हातात धरून ते तसेच थांबले, आणि मग मीच काउंटरच्या बाहेर येऊन ती घेतली.